काड्या फुल्ल, तरी फोन लागेना: सातारा जिल्ह्यात कुठल्या कार्डाची रेंज खरी, हे तपासायचं कसं

तक्रार सगळीकडे एकच असते. वर चार काड्या दिसतात, पण कॉल लावला की 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू येतं. लागलाच तर आवाज तुटतो आणि यूपीआयचं चक्र गोल गोल फिरत राहतं. मग कुणीतरी सांगतं की अमुक कंपनीचं कार्ड घ्या, आमच्याकडे फुल्ल रेंज आहे. नंबर पोर्ट होतो, आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू होतं.

दुसऱ्याच्या अनुभवावर कार्ड बदलणं सातारा जिल्ह्यात फारच धोक्याचं आहे. माण-खटावच्या उघड्या माळावर एक टॉवर लांबवर पुरतो. जावळी, पाटण, महाबळेश्वर या भागांत मात्र डोंगराची एक सोंड आडवी आली की सिग्नल संपतो. मेढ्यात चालणारं कार्ड केळघर घाटाच्या दुसऱ्या वळणावर मुकं होतं. 'साताऱ्यात कुठलं नेटवर्क चांगलं' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. तुमचं घर, तुमचं रान आणि तुमचा रोजचा रस्ता, एवढ्यापुरतं उत्तर मात्र नक्की काढता येतं. त्याला एक फोन, दोन-तीन कार्डं आणि दोन दिवस पुरतात.

काड्या कशामुळे फसवतात

किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. एकाच जागी दोन फोन ठेवले तर एकावर चार आणि दुसऱ्यावर दोन काड्या दिसू शकतात. त्यामुळे 'माझ्या जिओला तुझ्या एअरटेलपेक्षा जास्त काड्या' ही तुलना फोन वेगवेगळे असतील तर निरर्थक आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. टॉवरचा आवाज फोनपर्यंत किती जोरात पोचतो, एवढंच काड्या सांगतात. फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचतो का, याचा त्यांत पत्ताच नसतो. टॉवर कित्येक वॅटने बोलतो, तर ४जी फोनची कमाल ताकद साधारण ०.२ वॅट. बामणोली-तापोळ्याच्या बाजूला शिवसागर जलाशयाच्या पलीकडचा टॉवर पाण्यावरून सरळ दिसतो आणि फोन त्यालाच धरून बसतो. फोनला टॉवर ऐकू येतो, टॉवरला फोन नीट ऐकू येत नाही. तुम्हाला समोरच्याचं बोलणं स्पष्ट येतं आणि तो मात्र 'हॅलो, हॅलो' करत राहतो.

आकडे कुठे बघायचे

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'सिम स्टेटस' उघडा. तिथे सिग्नल डीबीएम या एककात दिसतो. हा आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. बऱ्याच फोनवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाकलं की चाचणीचा पडदा उघडतो. सॅमसंगवर *#००११# आणि आयफोनवर *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबा. रोजच्या कामाला नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपरसारखं ॲप सोयीचं, कारण दोन्ही सिमचे आकडे, बँड (वारंवारतेचा पट्टा) आणि सेल आयडी (टॉवरवरच्या त्या सेलचा ओळख क्रमांक) एकत्र दिसतात. फोन डीबीएमऐवजी फक्त 'एएसयू' हे दुसरं एकक दाखवत असेल तर ४जीसाठी त्यातून १४० वजा करा. ३५ एएसयू म्हणजे −१०५ डीबीएम.

तीन आकडे लिहून घ्यायचे.

पहिला आरएसआरपी, म्हणजे सिग्नलचा जोर. −९० किंवा त्याहून वर असेल तर उत्तम. −९० ते −१०५ कामचलाऊ. −१०५ ते −११५ ला घराबाहेर कॉल लागतो, घरात तुटतो. −१२० च्या खाली ते कार्ड तिथे नाहीच असं समजा. हे आकडे नेहमीच्या मोजपट्टीसारखे वाचू नका: ३ डीबी खाली गेलं की ताकद निम्मी होते आणि १० डीबी खाली गेलं की दहावा हिस्सा उरतो.

दुसरा एसआयएनआर, काही ॲपमध्ये एसएनआर. गोंगाटात टॉवरचा आवाज किती स्वच्छ आहे, ते हा सांगतो. २० च्या वर फार छान, १३ ते २० चांगला, ० ते १३ रखडत चालणारा. शून्याच्या खाली काड्या कितीही असोत, नेट चालणार नाही.

तिसरा आरएसआरक्यू, म्हणजे सिग्नलचा दर्जा. फोन एसआयएनआर दाखवत नसेल तेव्हा यावर भागवायचं. टॉवर भरलेला असला की हा −११ च्या आसपास येणं साहजिक आहे. −१५ च्या खाली गेला तर गोंगाट आहे.

जमलं तर टायमिंग ॲडव्हान्स, म्हणजे टीए, हाही बघा. टॉवर किती लांब आहे ते त्यावरून कळतं. सगळे फोन तो देत नाहीत. ४जीमध्ये त्याची एक पायरी साधारण ७८ मीटरची. टीए ६० असेल तर टॉवर पावणेपाच किलोमीटरवर आहे. गावातच टॉवर असताना टीए ६० येत असेल, तर तुमचं कार्ड त्या टॉवरवर नाहीच, ते कुठल्या तरी डोंगरावरचा टॉवर पकडतंय.

मोजायचं कसं

फोन एकच ठेवा, कार्डं बदला. फोन ड्युअल सिम असेल तर दोन कार्डांचा जोर एकदम बघता येतो. नेटचा वेग मात्र डेटा त्या त्या सिमवर वळवूनच मोजा. पॉवर सेव्हिंग बंद करा, धातूचं कव्हर काढा, नेटवर्क मोड ४जीवर ठेवा. ५जी नंतर वेगळं बघू.

प्रत्येक जागी आधी विमान मोड दहा सेकंद लावून काढा. असं केलं नाही तर फोन मागच्या ठिकाणचाच टॉवर धरून ठेवतो आणि आकडा खोटा येतो. मग अर्धा मिनिट थांबा, फोन छातीइतक्या उंचीवर धरा आणि स्वतःभोवती हळूहळू फिरत पाच वेळा वाचन घ्या. पाचांतलं मधलं वाचन लिहा. सर्वात चांगलं लिहायचा मोह होतो, तो टाळा. आपल्या शरीराच्या आडोशानेही काही डीबी जातात, म्हणून फिरून घ्यायचं.

जागा चार पुरेत: रात्री फोन जिथे असतो ती खाट, अंगण, कामाची जागा किंवा विहिरीवरची मोटर आणि एसटीचा थांबा. वेळा तीन: पहाटे सहाच्या सुमारास, रात्री आठ ते दहा आणि वीज गेल्यावर तासाभराने. ही तिसरी वेळ कुणी मोजत नाही, आणि पावसाळ्यात सगळं घोडं तिथेच अडतं.

प्रत्येक जागी दोन मिनिटांचा एक कॉल करा आणि एकदा वेग तपासा. त्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाचं मायस्पीड ॲप चालेल. चांगल्या नेटवर एका तपासणीत शंभर एमबीही उडू शकतात. रोजचा दीड जीबीचा प्लॅन असेल तर पाच-सहा तपासण्यांवर थांबा.

वही कशी वाचायची ते दाखवण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. डोंगराच्या कुशीतलं घर, वर पत्रा. अंगणात 'अ' कार्ड −९२, एसआयएनआर २. 'ब' कार्ड −१०४, एसआयएनआर १५. काड्यांवर गेलात तर 'अ' घ्याल. प्रत्यक्षात अंगणात 'ब' वर व्हिडिओ कॉल चालेल आणि 'अ' वर अडखळेल. आता घरात या. 'अ' −१०८, 'ब' −१२१. घरात 'ब' मेलं. पत्र्याने आणि जांभ्याच्या जाड भिंतीने दोघांचेही सोळा-सतरा डीबी खाल्ले. असा निकाल आला तर 'ब' घेऊन घरापुरती वेगळी सोय करायची. ती सोय पुढे येते.

बँडचा नंबर दुर्लक्षू नका

ॲपमध्ये बँडचा नंबर दिसतो. बँड २८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, ५ म्हणजे ८५०, ८ म्हणजे ९००. हे खालचे बँड लांब जातात, डोंगराच्या कडेवरून थोडे वळतात आणि भिंतीतून बरे शिरतात. बँड ३ म्हणजे १८००, १ म्हणजे २१००, ४० म्हणजे २३००. यांत वेग जास्त, पल्ला कमी. फक्त वारंवारतेच्या फरकाने ७०० आणि २३०० मध्ये मोकळ्या जागेतही दहा डीबीचं अंतर पडतं.

जिओचं ४जी ५, ३ आणि ४० वर चालतं. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २८ आणि १ वर आहे. इथे एक अडचण वारंवार येते. जुन्या किंवा स्वस्त फोनमध्ये बँड २८ नसतोच. मग गावात बीएसएनएलचा नवा ४जी टॉवर उभा राहिला आणि तो फक्त बँड २८ वर असला, तर तो फोन २जी-३जीवरच लोंबकळतो आणि दोष टॉवरला लागतो. फोनच्या मॉडेलच्या माहितीत '४जी बँड' या ओळीत २८ आहे का, ते आधी बघा. बीएसएनएलचं जुनं सिमही ४जीला चालत नाही, ते बदलून ४जी सिम घ्यावं लागतं.

तुमच्या घरी 'अ' कंपनी फक्त बँड ४० वर येत असेल, तर अंगणातला वेग बघून हुरळून जाऊ नका. दार लावलं की खेळ संपतो.

आकड्यांवरून निदान

जोर चांगला, एसआयएनआर खराब: कास पठार, यवतेश्वर, घाटमाथे आणि साताऱ्यात उंच इमारतींचे वरचे मजले इथे हे हमखास दिसतं. उंचावरून फोनला दहा दिशांचे टॉवर दिसतात, एकही ठळक नसतो आणि सगळे एकमेकांत मिसळतात. यावर उपाय जागेचा आहे. घराच्या ज्या बाजूला डोंगर किंवा भिंत आड येऊन बाकीचे टॉवर झाकले जातात, तिथे आकडा सुधारतो. चार पावलं खाली उतरल्यावर जोर कमी झाला आणि नेट मात्र सुरू झालं, असं घडतं ते यामुळेच.

जोर आणि एसआयएनआर दोन्ही चांगले, पण रात्री आठला वेग संपतो आणि पहाटे सुसाट असतो: ही गर्दी. महाबळेश्वर-पाचगणीचे शनिवार-रविवार, कासचा फुलांचा हंगाम, मांढरदेवी किंवा शिखर शिंगणापूरची यात्रा, या वेळी कुठलाही टॉवर भरतो. वर्षातल्या चार दिवसांसाठी कार्ड बदलू नका. रोज रात्री हेच होत असेल तर मात्र दुसऱ्या कंपनीची रात्रीची वाचनं घ्या. इथे पोर्ट केल्याचा खरा फायदा होतो.

जोर सगळीकडेच −१२० च्या खाली: रेंजच नाही. दुसरी कंपनी बघा. कुणाचीच नसेल तर वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून कॉल.

आकडे छान, नेट चालतं, फक्त कॉल लागत नाही: सेटिंग्जमध्ये व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, बंद पडलेली असते. अपडेटनंतर किंवा कार्ड दुसऱ्या खाचेत टाकल्यावर हे होतं. जिओला २जी-३जी नाहीच, त्यामुळे व्होल्टी बंद म्हणजे कॉल बंद. इतर कंपन्यांत फोन कॉलपुरता २जीवर उतरतो. डोंगरात कधी कधी हेच तारून नेतं, पण तेवढा वेळ नेट थांबतं. *#*#४६३६#*#* च्या पडद्यावर 'आयएमएस स्टेटस' मध्ये नोंदणी झालेली दिसते का ते बघा. दिसत नसेल तर व्होल्टी बंद-चालू करा, तरीही नाही आलं तर नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करा. रीसेटमध्ये वायफायचे पासवर्ड जातात, आधी लिहून ठेवा.

दर मिनिटाला ४जी-५जी-४जी अशी उडी: तुम्ही ५जीच्या काठावर आहात. मोड ४जीवर बांधा. बॅटरीही वाचेल.

पावसात रेंज का जाते

पावसाने सिग्नल अडतो असा समज आहे. मोबाइलच्या ७०० ते २३०० मेगाहर्ट्झला पावसाचे थेंब फारसे अडवत नाहीत. ओली झाडी अडवते. ऐन उंचीला आलेला, भिजलेला ऊसही अडवतो. कराडच्या बाजूला शेतातल्या वस्तीवर उन्हाळ्यात येणारी रेंज श्रावणात रोडावते, त्यामागे बहुतेकदा हेच असतं. म्हणून एप्रिलमध्ये मोजलेल्या आकड्यावर वर्षभराचा निर्णय घेऊ नका.

मोठं कारण मात्र वेगळंच. डोंगरातल्या अनेक टॉवरना फायबर नसते. ते समोरच्या डोंगरावरच्या टॉवरशी मायक्रोवेव्हच्या ताटलीने जोडलेले असतात. त्या जोडणीची वारंवारता दहा-पंधरा गिगाहर्ट्झच्या वर असते आणि तिला मुसळधार पाऊस खरोखर तोडतो. अशा वेळी फोनवर काड्या पूर्ण दिसतात, आरएसआरपी जागेवर असतो आणि नेट शून्य. फोनशी झटापट करू नका, पाऊस ओसरेपर्यंत काहीही करून उपयोग नाही.

तिसरं कारण वीज. वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो. बॅटरी थकली आणि जनरेटरला डिझेल नसलं की टॉवर बंद. वीज गेल्यापासून किती वेळाने सिग्नल जातो ते प्रत्येक कार्डापुढे लिहा. कोयनानगर, तापोळा, ढेबेवाडी या पट्ट्यात कार्ड निवडताना वेगापेक्षा हा आकडा वर ठेवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. आजारी माणूस घरात असताना फोन लागणं महत्त्वाचं.

इथेच दुसऱ्या कार्डाची निवड चुकते. एकाच खांबावर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असतात, कारण खांब, बॅटरी आणि जनरेटर वेगळ्या टॉवर कंपनीचे असतात. दोन कंपन्यांची कार्डं घेऊनही दोन्ही एकाच मिनिटाला गेली, तर दुसऱ्या कार्डाचे पैसे वाया गेले. वीज जाईल तेव्हा दोन्ही सिमवर नजर ठेवा. वेगवेगळ्या वेळी जाणारी जोडीच घ्या. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर नकाशात आपल्या परिसरातले टॉवर आणि त्यांवरच्या कंपन्या बघता येतात. आधी तिथे पाहिलं तर हेलपाटा वाचतो.

कंपन्यांचे नकाशे

ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांमुळे कंपन्यांना आपल्या रेंजचे नकाशे वेबसाइटवर द्यावे लागतात. ते जरूर बघा, पण चाळणी म्हणून. जिथे रंगच नाही ती कंपनी सोडून द्या. रंग आहे तिथे मोजमापाला पर्याय नाही, कारण नकाशा मुख्यतः हिशोबाने काढलेला आणि घराबाहेरचा असतो. पत्र्याच्या घराचं त्यात काही नसतं. लोकांच्या फोनवरून माहिती गोळा करणारी ॲप्स पुणे-बेंगळुरू महामार्गालगत भरवशाची असतात. आडवाटेच्या वाडीवर चार फोनांची माहिती असते, तीही जुनी.

जुन्या लौकिकावरही जाऊ नका. व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या, तेव्हा दोघांचे जवळजवळचे टॉवर एकत्र करण्यात आले. दहा वर्षांपूर्वी जिथे आयडियाच चालायचं, तिथे आज काय आहे ते आजच मोजावं लागतं.

घरात रेंज आणायची सोय

घरी फायबर किंवा कुठलंही ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग सुरू करा. आधी आपला फोन आणि आपली कंपनी दोन्हीकडे ही सोय आहे का ते बघा. फायबरचं यंत्र आणि राउटर यांना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडा, नाहीतर वीज गेल्यावर ऐन गरजेला कॉल बंद.

ब्रॉडबँड नसेल तर सिम घालायचा ४जी राउटर घ्या, बाहेरचा अँटेना जोडायला दोन सॉकेट असलेला. लोक गच्चीवर अँटेना लावतात आणि दहा मीटर साधी आरजी-५८ वायर खाली घरात आणतात. १८०० मेगाहर्ट्झला ही वायर दहा मीटरमध्ये कित्येक डीबी गिळते, म्हणजे अँटेनाने मिळवलेलं बरंचसं वायरीतच जातं. राउटरच पत्र्याखाली उंच, अँटेनाजवळ ठेवा आणि खाली लॅनची वायर आणा. अँटेना दोन लावा, एकमेकांना काटकोनात. दिशा ठरवताना एसआयएनआर बघा, जोर नव्हे. वळवाच्या पावसात विजा सुरू व्हायच्या आधी अँटेनाच्या वायरी राउटरपासून काढून ठेवायच्या.

ऑनलाइन मिळणारा 'सिग्नल बूस्टर' लावू नका. परवानगीशिवाय तो वापरणं बेकायदा आहे. शिवाय तो टॉवरच्या कानात गोंगाट ओततो आणि शेजारच्या वीस घरांचे कॉल बिघडतात. बाजारपेठेत काड्या फुल्ल असून कुणाचाच कॉल टिकत नसेल, तर असा बूस्टर जवळपास असल्याची शंका घ्या आणि कंपनीला तसं कळवा.

पोर्ट करण्यापूर्वी

आधी नव्या कंपनीचं वेगळं प्रीपेड कार्ड घ्या, सर्वात लहान रिचार्ज मारा आणि वर सांगितलेली सगळी वाचनं घ्या. एकदा नंबर पोर्ट झाला की नव्वद दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही, म्हणजे चूक झाली तर अख्खा पावसाळा तिथेच काढायचा. खात्री पटली की इंग्रजीत 'पोर्ट' शब्द, एक जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवा. येणारा कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. नुकतंच सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. कार्ड बदलेल त्या काही तासांत ओटीपी येणार नाही, तेव्हा बँकेचं काम आदल्या दिवशी उरका.

कार्ड न बदलता आहे त्याच कंपनीकडून काम करून घ्यायचं असेल तर १९८ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. 'रेंज येत नाही' एवढ्यावर तक्रार बंद केली जाते. वहीतून हे सांगा: गाव आणि वाडी, तारीख, वेळ, सेल आयडी, बँड, आरएसआरपी, एसआयएनआर आणि वीज होती की नव्हती. समाधान झालं नाही तर त्याच तक्रार क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. वाडीतल्या पाच-सहा जणांनी एकाच सेल आयडीची, एकाच आठवड्यातली वाचनं आपापल्या नंबरवरून नोंदवली, तर हा एका फोनचा दोष आहे असं म्हणून कुणाला हात झटकता येत नाहीत.